निम्म्या दुधाची शपथ

"निम्मं?"

इझवानच्या हातातून नारळ सुटला. फरशीवर आपटला, टणकन उसळला आणि गिऱ्हाइकांच्या पायांमधून गडगडत थेट मासेवालीच्या टोपलीखाली जाऊन बसला. मासेवाली किंचाळली. तिला वाटलं, घूस आली.

"हळू बोला ना!" समोरची मुलगी दबक्या आवाजात कडाडली. "मुआरचा अख्खा बाजार गोळा करायचाय का?"

"नाही, पण... निम्मं?" त्याचा आ अजून मिटला नव्हता. "तुम्ही माक तिजांकडच्या ना? नदीकाठी टपरी आहे, त्या नासी लेमाकवाल्या?"

"मुलगी त्यांची. मेलूर."

"मग डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? नासी लेमाकातून नारळाचं दूध काढलं तर राहिलं काय? भात! नुसता भात! आजाऱ्याला घालतात तसला!"

"आजाऱ्यालाच घालायचाय," मेलूर म्हणाली.

आणि मघापासून चढलेला तिचा आवाज एकदम पायरी चुकल्यासारखा खाली आला.

इझवानने हात मागे नेला आणि खोबरं खवणारं मशीन बंद केलं. त्या घरघरीची बाजाराला इतकी सवय, की ती थांबताच दोन दुकानं पलीकडचा माणूससुद्धा दचकून बघायला लागला. रांगेतल्या बायका तर उसळल्याच.

"अरे ए, नवीन! मशीन का बंद? लाइट गेली काय?"

"गरम झालंय," इझवान मागे न बघता म्हणाला. "दोन मिनिटं निवू दे."

"मशीन गरम झालंय की तू?"

खसखस पिकली. मेलूरने डोक्यावरचा रुमाल उगाचच पुढे ओढला. दुकान चालवायला घेऊन या माणसाला महिनाही झाला नव्हता. खवलेल्या खोबऱ्याचा भुगा त्याच्या केसांवर, मनगटांवर... पापण्यांवरसुद्धा. पापण्या मिटल्या की पांढऱ्या, उघडल्या की काळ्या. आपण हे काय बघतोय, असं मनाशी म्हणून तिने घाईघाईने सांगून टाकलं.

तिच्या वडिलांच्या, आबांच्या छातीत ईदच्या आठवड्यात कळ आली होती. साधी नाही, पानासकट भात हातातून गळून पडावा अशी. डॉक्टरांनी सांगितलं, नारळाच्या दुधातला भात बंद. आबा म्हणाले, मग श्वासही बंद करतो, एकदाच काय ते. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता टपरीवर पहिलं गिऱ्हाईक कोण? आबा! केळीच्या पानाची पुडी सोडून, दोन्ही कोपर टेबलावर टेकून!

"आणि आई?"

"आई म्हणते, ही कृती माझ्या सासूची. थेंब इकडचा तिकडे केला तर म्हातारी कबरीतून उठून कालथा घेऊन येईल." मेलूरने ओठ चावला. "म्हणून बादली रोजच्याइतकीच भरलेली दिसली पाहिजे. दाट दूध निम्मं, बाकी दुसऱ्या पिळण्याचं पातळ. आईला कळता कामा नये. आबांना तर मुळीच नाही. शपथ घ्या."

"कुणाची?"

"कुणाचीही. लवकर."

इझवानने तोंड गंभीर केलं आणि समोरच्या सोललेल्या नारळावर हात ठेवला. "या दुधाची शपथ. निम्म्या दुधाची! पोटात ठेवीन, ओठावर आणणार नाही."

ती हसायची नव्हती. पण हसली... आणि हसल्याचा राग येऊन बादली उचलून चालायला लागली.

"अहो, थांबा!" मागून हाक आली. "भात पातळ दुधातच शिजवा. दाट दूध शेवटी, वाफेवर असताना वरून शिंपडा. आत मुरलेलं दूध पोटाला लागतं, वर शिंपडलेलं नाकाला. माणूस नासी लेमाक अर्धं नाकानंच खातो!"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ताच सुचलं. खरं निघालं तर मी हुशार. खोटं निघालं तर दुकान बदला."

खरं निघालं.

त्या दिवशी टपरीवर एकाच्याही जिभेला शंका आली नाही. मग मेलूरला चेवच आला. शेंगदाणे तेलात तळायचे, ते ती कोरडेच भाजायला लागली. सुकी मांदेली तव्यावर शेकली. सांबालच्या तिखट चटणीवर तेलाचा जो लालभडक तवंग यायचा, तो आईची पाठ वळली की डावाने उपसायचा आणि मागच्या दारातून केळीच्या बुंध्यात ओतायचा. केळीची तब्येत बिघडली, पण आबांपुढे केळीचं काय!

आणि रोज पहाटे पानाची एक पुडी इझवानसाठी. चव बघायला. फक्त चव बघायला हं.

"आज आलं जास्त पडलंय."

"जास्त नाही, मुद्दाम. दूध कमी, मग जिभेला काहीतरी काम नको?"

"आणि वासाला पांदानची पानं?"

"तीन, गाठ मारून टाकलीत."

"चार टाक." तो खाता खाता थबकला. "म्हणजे... टाका."

मेलूर बादलीच्या कडीशी खेळत राहिली. "टाक म्हणालात तरी चालेल."

"मग तूही 'म्हणालात' नको म्हणूस."

मशीन बंद. रांग चिडलेली. मासेवाली आपल्या जागेवरून ओरडली, "काय रे नारळवाल्या! ती आली की मशीन बंद, आम्ही आलो की कान बंद?" पत्र्यावर पावसाचे टपोरे थेंब वाजायला लागले होते, आणि त्या दोघांना मात्र एकमेकांचा श्वास ऐकू येत होता. इझवानने तिच्या रुमालावर उडालेला खोबऱ्याचा कण बोटाने दाखवला. हात लावला नाही, नुसता दाखवला. तिने तो झटकला नाही. तसाच घेऊन घरी गेली. वेडीच!

घरी गेली आणि चुलीपुढे गायला लागली.

"मेलूऽऽर!" माक तिजाच्या हातातली झाकणी खणखणली. "तोंड मीट! किती वेळा सांगू? लग्नाच्या मुलीनं स्वयंपाकघरात गाऊ नये. म्हातारा नवरा मिळतो!"

"आई, कुठल्या जमान्यात आहेस?"

"माझी मामेबहीण गायची. मिळाला ना! दात काढून वाटीत ठेवणारा!"

मेलूर गप्प बसली. पण गाणं काय, भाताच्या वाफेसारखं. झाकण दाबलं तरी कडेनं येणारच. एकदा तिची स्कूटर सुरूच होईना म्हणून इझवान बादली पोचवायला घरी आला, तेव्हाही ती गुणगुणत होती. वळून बघते तर मागच्या दारात हा. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला, हातात बादली, आणि उभा असा की जणू पाऊस त्याच्यावर नाही, शेजाऱ्यावर पडतोय.

"कधीपासून उभा आहेस?"

"दुसऱ्या कडव्यापासून."

तिचे कान असे तापले की त्यावर पोळी भाजावी.

मग आला तो दवाखान्याचा दिवस. आबा तपासणीला गेले आणि परतले ते छाती पुढे काढून, हातातला कागद निशाणासारखा फडकवत.

"बघा! सगळं खाली आलंय! रक्तदाब खाली, चरबी खाली! डॉक्टर स्वतः चाट पडला! म्हणाला, काय खाता हो? मी म्हटलं, नासी लेमाक! रोज! दाट दुधातलं! तोंडच बंद झालं बेट्याचं!"

मेलूरला आनंदाने नाचावंसं वाटलं, पण चेहरा कोरा ठेवावा लागला. गंमत अशी, की आईनेही चेहरा अगदी तसाच कोरा ठेवला होता. आणि आबा आपली ताटली घेऊन, नेहमीसारखे, एकटेच ओसरीवर गेले. पिंजऱ्यातल्या होल्याशी गप्पा मारत जेवायची त्यांना हल्ली सवयच लागली होती.

सगळं असं छान चाललं होतं. आणि छान चाललं की समजावं, पाय घसरणार.

बुधवारी टपरीवर नेहमीच्या गिऱ्हाइकाने पहिला घास तोंडात घातला, आणि तो तसाच थांबला. घास गालात, डोळे माक तिजावर.

"माक तिजा... भाताला बरं नाही का?"

दुसरा म्हणाला, "पाण्यात पडला बहुतेक."

तिसऱ्याने पान उचलून उजेडात धरलं. "यातून पलीकडचं दिसतंय."

मेलूरच्या पायाखालची फळी सरकली. असं कसं? आपण दूध निम्मं केलं होतं, नाहीसं नव्हतं केलं! तिने पातेल्यातला भात चाखला. खरंच की. बेचव, धुतल्यासारखा. निम्म्याचंही निम्मं झालेलं. म्हणजे... म्हणजे बादलीत पाणी! आणि बादली भरतं कोण?

ती तशीच, हाताला लागलेल्या सांबालसकट बाजारात पोचली. तिला बघून इझवानने सवयीने मशीन बंद केलं.

"चालू ठेव," ती म्हणाली. "मी जे बोलणार आहे ते लोकांनी ऐकू नये असं तुलाच वाटेल."

"काय झालं?"

"दुधात पाणी घालतोस?"

इझवानचा चेहरा त्याच्या पापण्यांहून पांढरा झाला.

"बोल ना! नाही म्हण! मी विश्वास ठेवते!"

"मला... सांगता येत नाही, मेलूर."

"का?"

"शपथ घेतलीय."

"ती माझ्याशी घेतलीयस! माझ्यापासूनच काय लपवतोयस?"

"हो... तुझ्याशीही घेतलीय."

त्या 'ही'कडे तिचं लक्षच गेलं नाही. रागावलेल्या माणसाला शब्द ऐकू येतात, त्यांची शेपटं नाही.

"आबांसाठी मी घरच्यांशी खोटं बोलले," ती म्हणाली, आणि आवाज फाटला, "आणि तुझ्याशी एकट्याशी खरं बोलले. तू त्यातच पाणी घातलंस. उद्यापासून मी दुसरं दुकान बघेन."

ती गेली. इझवान मशीनपाशी नुसता उभा राहिला. रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्यांत बघायला लागल्या. मासेवालीनेसुद्धा टोपलीखाली मान घातली.

दोन दिवस मेलूर गायली नाही. चूल आपली एकटीच फुसफुसत राहिली.

शुक्रवारी टपरी बंद. सकाळी शेजारीण निरोप घेऊन आली, तुमच्याकडे पाहुणे येतायत, 'काही विचारायला'. नाव सांगितलं नाही. ते सांगायचंच नसतं. पण घरात वयात आलेली मुलगी असली की 'काही विचारायला' म्हणजे काय, हे मांजरालाही कळतं. माक तिजाने झटपट चादरी बदलल्या, आबांनी ठेवणीतली लुंगी काढली, आणि मेलूरला स्वयंपाकघरात ढकलून पडदा ओढला.

पाहुणे आले. छत्री मिटल्याचा आवाज. खोकला. मेलूरने पडद्याची कड बोटभर सरकवली आणि तिचं काळीज धस्सकन चुलीत पडलं.

म्हातारा!

साठीच्या पुढचा, रेशमी सदरा, टोपी, आणि मिशा अशा काळ्याकुळकुळीत रंगवलेल्या की शेजारी कोळसा ठेवला तर कोळसा लाजेल. बरोबर एक जाडजूड बाई, बहीण असावी. तरुण माणूस? नाव नको. औषधालाही नाही.

माक तिजा चहा न्यायच्या निमित्ताने आत आली. तिचाही चेहरा उडालेला.

"बघितलास?" ती दातांतून फुसफुसली. "तरी सांगत होते! गाऊ नकोस! गाऊ नकोस!"

"आई, नाही म्हण!"

"दारात आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही कसं म्हणू? आबा बघतील काय ते. तू बशा दे!"

बाहेर म्हाताऱ्याने घसा खाकरला आणि मागणीचं कवन सुरू केलं. आवाज खणखणीत, शेजारच्यांनाही ऐकू जावा असा:

"भरतीसंगे नाव आली, खुंटा शोधू कुठे?
वाऱ्यावरती दोर हलतो, गाठ अजून सुटे.
तुमच्या बागेत फूल एकच, दरवळ आला तिथे,
फूल मोकळं आहे का हो, की माळी आहे इथे?"

उत्तरही कवनातच द्यायचं असतं. आबांना यमक कुठलं जुळायला! ते म्हणाले, "फूल... अं... मोकळं आहे. पण काटे फार आहेत."

"आमच्याकडे काट्यांची सवय आहे," म्हातारा म्हणाला. "पंक्चरचं दुकान आहे माझं, बातू पाहात गावाला."

मेलूरने डोळे मिटून घेतले. पंक्चरवाला!

"तर," जाडजूड बाई पुढे सरकल्या, "मुलीबद्दल आम्ही ऐकलंय. आता आमच्या मुलाबद्दल तुम्ही विचारा. तसा तो तुमच्या ओळखीचाच आहे. आमचा भाचा हो. बाजारातला, नारळवाला. इझवान."

आतून खळ्ळकन आवाज आला. बशी गेली. दोन गेल्या.

मेलूर भिंतीला टेकली. इझवान? तो... ज्याला आपण भर बाजारात... आणि त्यानेच... तिला काही सुधरेना. हसावं, रडावं, की पडद्यातून बाहेर जाऊन त्या मिशांना नमस्कार करावा! आणि लगेच दुसरा धक्का. आता बाहेर आई आणि आबा काय म्हणतील? त्या दोघांना तर तो फक्त खोबरं देणारा पोरगा. एक शब्द वाकडा गेला की संपलं.

ती श्वास रोखून ऐकायला लागली.

"इझवान होय!" आबांचा आवाज आश्चर्याने भरलेला, पण गोड. "अहो, मुलगा हिरा आहे. त्याच्या पोटात गोष्ट राहते!"

"हो बाई," माक तिजा पटकन म्हणाली, "ते मात्र खरं. अगदी राहते."

ओसरीवर पिंजऱ्यातल्या होल्याने पंख झाडले.

"तुला काय माहीत?" आबांनी विचारलं.

"तुम्हाला काय माहीत?" माक तिजाने विचारलं.

मागणीच्या वेळी मुलीनं पडद्याबाहेर यायचं नसतं. तिची मान हलली तरी 'हो' समजतात, इतकी ती गप्प असावी लागते. मेलूर पडदा फाडूनच बाहेर आली म्हणा ना.

"तुम्हा दोघांना काय माहीत?"

म्हाताऱ्याच्या हातातला चहाचा पेला मिशीपाशीच थांबला.

पहिली बोबडी वळली ती माक तिजाची. तिने पदर... नाही, रुमालाचं टोक तोंडावर घेतलं. "मी... म्हणजे... यांच्या छातीसाठी हो. त्याला फोन करून सांगितलं होतं. रोज बादलीतलं थोडं दूध काढ, तेवढंच पाणी घाल. दवाखान्याचा कागद बघून हाव सुटली, बुधवारी म्हटलं, अजून जरा जास्त. मेलूरला सांगू नकोस. तिला आजीच्या कृतीचा भारी अभिमान, रडेल पोर..."

"तू?" मेलूर किंचाळली. "आई, मी निम्मं केलं होतं! आधीच! तुला कळू नये म्हणून!"

"तू निम्मं केलंस? आणि मी त्याचं..."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींनाही एकदमच आठवला तो पलीकडचं दिसणारा भात.

"आणि तुम्ही?" दोघी एकदम आबांकडे वळल्या. "तुमचं काय गुपित त्याच्या पोटात?"

आबा उठले. वादात माणूस हरला की जसा होल्याकडे बघतो, तसे होल्याकडे बघत ओसरीवर गेले. पाखराच्या दाण्याच्या डब्यात हात घातला आणि आतून बाहेर काढली... बाटली. पांढऱ्या दुधाने अर्धी भरलेली.

"भातात दम राहिला नव्हता," ते पुटपुटले. "मग मीच त्याला गाठलं. म्हटलं, पहिल्या पिळण्याचं, एकदम दाट, रोज एक बाटली. बायकांना कळलं तर मला कापून सांबालमध्ये घालतील. भातावर ओततो गुपचूप."

माक तिजा मटकन खाली बसली. मेलूरच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. म्हणजे इतके दिवस, इतकी खटपट, इतकं खोटं, आणि आबा ओसरीत बसून बाटलीभर दाट दूध! तिने बाटली हिसकावली, झाकण उघडलं, वास घेतला. पांदान. नारळ. मग एक घोट.

आणि ती पुतळा झाली.

"काय गं?" माक तिजाने बाटली घेतली, चाखली. तीही थिजली. पुन्हा चाखली. मग तिच्या पोटातून खोल कुठूनतरी एक हसू निघालं, ते घशात अडकलं, तिथून सुटलं ते थांबेचना.

"अहो... अहो, हे सोयाबीनचं आहे!"

"काय?"

"सोयाबीनचं दूध! वर चमचाभर नारळाचं, वासापुरतं! आणि म्हणे, पहिल्या पिळण्याचं, एकदम दाट!"

आबांची दातखीळ बसली. 'याला म्हणतात दूध' असं म्हणत होल्यापुढे चाटलेली सगळी पानं त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक करून सरकताना दिसली. डॉक्टरपुढे काढलेली छाती हळूहळू आत गेली.

"हा मुलगा," म्हातारा पंक्चरवाला घाम पुसत बहिणीला म्हणाला, "आपल्याकडे असा नव्हता."

"कुठाय तो?" आबांचा आवाज चिरला.

म्हाताऱ्याची नजर नको तिथे गेली. रस्त्यापलीकडच्या रांबुतानच्या झाडाखाली. मुलानं मागणीला यायचं नसतं. पण मामाला मोटरसायकलवरून आणायचं कुणी? झाडाखाली, पाठमोरा, हेल्मेट घालूनच बसला होता तो. जणू हेल्मेट घातलं की आपण दिसत नाही.

"ए सोयाबीन!" आबा ओसरीवरून गरजले. "ये इकडे!"

इझवान आला. पायरीखाली उभा राहिला. पावसाची बारीक भुरभुर त्याच्या खांद्यांवर. मेलूरकडे त्याने बघितलं नाही. बघायची छातीच नव्हती.

"काका, मला माफ—"

"तिघांनी शपथ घातली होती ना तुला?"

"हो."

"मग तिघांतल्या कुणाचं ऐकलंस?"

इझवानने हेल्मेट काढून पोटाशी धरलं. मग अगदी हळू म्हणाला, "ज्यानं तुम्ही जगाल, त्याचं. ... तिच्यासाठी. तुम्हाला काही झालं असतं तर ती परत कधी गायली नसती, काका."

माक तिजाचं हसू गपकन थांबलं. मेलूरला एकदम आठवलं. त्या दिवशी बाजारात तो 'तुझ्याशीही' म्हणाला होता ना... 'तुझ्याशीही'! शेपूट आत्ता सापडलं.

आबांनी माक तिजाच्या हातातली बाटली घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"आमच्या घरात तीन माणसं," ते पाहुण्यांना म्हणाले. "तिघंही एकमेकांशी खोटं बोलतात."

"आमच्या भाच्यानं तर तिघांनाही थापा मारल्या हो!" मामा कळवळून म्हणाले.

"म्हणजे तर अगदी आमच्या घरचाच!" आबा म्हणाले. "द्या मुलगी!"

"अहो, द्यायची आपण आहे," माक तिजा म्हणाली.

"मग देऊन टाक! आणि ए सोयाबीन, एक अट. लग्नाच्या दिवशी मला एक पुडी. एकच. पण खऱ्या दुधातली, अख्ख्या!"

"निम्म्या," मेलूर म्हणाली.

"निम्म्या," माक तिजा म्हणाली.

आबांनी इझवानकडे आशेनं बघितलं. तो आभाळाकडे बघायला लागला.

जाडजूड मावशींनी पिशवीतून मखमली डबी काढली आणि अंगठी मेलूरच्या बोटात घातली. बोटाला सांबालचा वास होता. मावशींनी तो हुंगला आणि म्हणाल्या, "तिखट आहे, पण चालेल."

दुसऱ्या दिवसापासून दूध एकाच्याच शपथेवर निम्मं झालं. पाणी बंद, बाटली बंद. टपरीवरच्या गिऱ्हाइकांनी पुड्या सोडल्या, हुंगल्या आणि म्हणाले, "भाताला आराम पडला वाटतं!"

आणि पहाटे मागच्या दारात इझवान बादली घेऊन आला, तेव्हा मेलूर पातेल्यावर वाकून दाट दूध शिंपडत होती. वाफ तिच्या चेहऱ्यावर, गाणं ओठांवर. त्याची चाहूल लागली आणि ती एकदम थांबली.

"का थांबलीस?"

"चुलीपुढे गायलं की म्हातारा नवरा मिळतो म्हणतात." तिने वळून बघितलं नाही, पण कान तापले होते. "परवा मिशा बघून माझा जीवच गेला होता."

इझवानने बादली खाली ठेवली. तिच्या रुमालावर खोबऱ्याचा कण होता. आज त्याने बोटाने दाखवला नाही. अलगद टिपला.

"गात राहा," तो म्हणाला. "मिळणारच आहे तुला म्हातारा नवरा. फक्त... मला म्हातारं व्हायला जरा वेळ दे."